परदेशातील लग्न आणि गावची नोंदवही

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण-तरुणींना तिकडे पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. साहजिकच चर्चा झाली ती वेतनाची, जर्मन भाषेच्या वर्गांची आणि प्रशिक्षणाच्या दर्जाची. परंतु माणूस परदेशी जातो तेव्हा केवळ त्याचे श्रम जात नाहीत. त्याचे कुटुंब, किंवा कुटुंब उभारण्याची त्याची उमेद, हीही त्याच्याबरोबर जाते. श्रमशक्तीच्या निर्यातीचा हिशेब मांडणाऱ्यांच्या नजरेतून ही बाब बहुधा निसटते. ती प्रथम लक्षात येते तेव्हा परक्या नगरपालिकेच्या खिडकीपाशी एक तरुण जोडपे उभे असते आणि खिडकीमागचा अधिकारी त्यांच्याकडे असा एखादा दाखला मागत असतो, जो त्यांच्या गावी कोणी कधी कोणाला दिलेला नसतो.

धाराशिवसारख्या जिल्ह्याला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे दिवस आता संपले आहेत. निती आयोगाने २०१८ साली निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांपैकी हा एक. पाणी अपुरे, उद्योग तुरळक, त्यामुळे बाहेर पडणे हा इथला जुनाच उपजीविकेचा मार्ग आहे. कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारी कुटुंबे याच जिल्ह्यातील आणि पदवी घेऊन पुण्याला व पुढे परदेशी जाणारी मुलेही याच जिल्ह्यातील. उमरग्याचा अभियंता जर्मनीत आणि कळंबची परिचारिका आयर्लंडमध्ये, असे जोडपे आज कल्पनेतले राहिलेले नाही. दोघांना एकाच वेळी रजा मिळत नाही, विमानभाडे परवडत नाही, म्हणून 'नोंदणीचे लग्न तिकडेच उरकावे, तुळजापूरचे दर्शन आणि गोंधळ पुढच्या दिवाळीत करावा' असा व्यवहारी तोडगा घरची मंडळीच सुचवितात. हे लग्न ज्या भूमीवर लागणार, तिच्या दृष्टीने मात्र वर आणि वधू दोघेही परके असतात.

अशा परक्या जोडप्याला कोणत्याही देशाचा कायदा मुख्यतः तीन प्रश्न विचारतो. तुम्ही कोण? तुम्ही लग्नाला मोकळे आहात काय? आणि तुमचा या भूमीशी संबंध कोणता? वरवर पाहता ही कारकुनी अडवणूक वाटते. वस्तुतः माहितीच्या अभावाची ती किंमत आहे. आणि ही किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. ज्यांच्या मायदेशी नोंदवह्या चोख आहेत त्यांना ती थोडी पडते; ज्यांच्या गावी लग्न सर्वांना ठाऊक असते पण कोठे लिहिलेले नसते, त्यांना ती जबर पडते. म्हणूनच परदेशातील लग्नाच्या अडचणींवरील उपाय दूतावासाच्या दारात जितका आहे, त्याहून अधिक आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे.

गावाची साक्ष

आपल्याकडील परंपरागत लग्नसोहळ्याकडे खर्चाचा बडेजाव म्हणून पाहण्याची रीत आहे, आणि ती अगदीच चुकीची नाही. परंतु त्या सोहळ्याचे एक आर्थिक कार्यही होते. सुपारी फुटणे, लग्नपत्रिका वाटणे, वाजंत्री, मंगलाष्टकांच्या वेळी साऱ्या मांडवाने अक्षता टाकणे आणि शेवटी पंगत, या प्रत्येक टप्प्यावर एक माहिती सार्वजनिक होत असे. अमक्याचा मुलगा आणि तमक्याची मुलगी आता विवाहित आहेत, हे पाच-पन्नास गावांना कळत असे. कोणाची हरकत असेल, कोणी आधीच कोठे बांधलेला असेल, तर ते अंतरपाट दूर होण्यापूर्वीच उघड होण्याचा संभव होता. हजारभर साक्षीदार असताना कागदाची गरज वाटली नाही, यात नवल नाही.

गाव सुटले की ही साक्ष सुटते. म्हणून अनोळखी माणसांच्या लग्नासाठी राज्यसंस्थेला कृत्रिम साक्ष उभी करावी लागते. वास्तव्याची अट, आगाऊ सूचना, ती फलकावर लावणे, हरकतीसाठी मुदत, साक्षीदारांच्या सह्या, हा सारा खटाटोप त्यासाठीच आहे. इंग्लंडच्या इतिहासात याचे बोधप्रद उदाहरण सापडते. १७५३ साली तेथील संसदेने गुपचूप लग्नांना आळा घालणारा कायदा केला. तो स्कॉटलंडला लागू नव्हता. परिणामी इंग्लंडमधील पळालेली जोडपी सीमेपलीकडील ग्रेटना ग्रीन या खेड्याकडे धाव घेऊ लागली आणि तेथील लोहार लग्ने लावू लागले. अखेर १८५६ साली कायदा करून स्कॉटलंडमधील अशा लग्नासाठी दोघांपैकी एकाचे तरी एकवीस दिवसांचे वास्तव्य सक्तीचे करण्यात आले. परप्रांतीय जोडप्यावर वास्तव्याची अट का येते, याचा उगम येथे स्पष्ट दिसतो. जेथे अट सैल, तेथे गर्दी होते; आणि गर्दी झाली की अट घट्ट होते.

आजही निरनिराळे देश या दोरीच्या निरनिराळ्या टोकांना उभे आहेत. अमेरिकेतील नेवाडा राज्यात वास्तव्याची अट नाही आणि वाट पाहण्याची मुदतही नाही. लास व्हेगासची लग्नाची बाजारपेठ या सवलतीवर उभी आहे. डेन्मार्कमध्ये परदेशी जोडप्यांची कागदपत्रे एक मध्यवर्ती कार्यालय तपासते आणि त्याने दिलेल्या दाखल्यावर चार महिन्यांच्या आत तेथील कोणत्याही नगरपालिकेत लग्न लावता येते. इंग्लंडमध्ये सूचना देण्यापूर्वी सात दिवसांचे वास्तव्य आणि सूचनेनंतर किमान अठ्ठावीस दिवसांची प्रतीक्षा आहे. परदेशी नागरिकांच्या बाबतीत ही प्रतीक्षा सत्तर दिवसांपर्यंत वाढविता येते, आणि केवळ लग्नासाठी येणाऱ्यांना त्यासाठीचा वेगळा व्हिसा घ्यावा लागतो. आखाती देशांत बिगरमुस्लिम परदेशी जोडप्यांना एकेकाळी आपापल्या दूतावासांवर किंवा धर्मस्थळांवर अवलंबून राहावे लागे. अबुधाबीने २०२१ साली बिगरमुस्लिमांसाठी नागरी विवाहाचा कायदा केला आणि फेब्रुवारी २०२३ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या संघराज्यानेही तशी तरतूद अंमलात आणली. आखातातील मराठी कामगार आणि कर्मचारी यांच्या दृष्टीने हा बदल लहान नाही.

तथापि लग्न जेथे सोपे, तेथे ते लावून मोकळे व्हावे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. न्यायशास्त्राने येथे एक भेद मान्य केलेला आहे. विवाहाचा विधी कसा असावा, हे जेथे तो लागतो त्या भूमीचा कायदा ठरवितो. परंतु विवाह करण्याची पात्रता माणसाच्या अधिवासाच्या कायद्यावरून तपासली जाते. विधी जागेचा आणि पात्रता माणसाची, असे हे सूत्र थोडक्यात सांगता येईल. मराठवाड्यातील एका जुन्या रिवाजावरून ते चटकन ध्यानात येते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल या भागातील अनेक समाजांत रूढ आहे. हिंदू विवाह अधिनियमात भाऊ-बहिणीच्या अपत्यांचा परस्परांशी विवाह निषिद्ध नात्यात मोडतो, मात्र उभय पक्षांची रूढी त्याला अनुमती देत असेल तर तो वैध ठरतो. विदेशी विवाह अधिनियमानेही निदान एका पक्षाच्या रूढीला किंवा व्यक्तिगत कायद्याला मान दिला आहे. पण अमेरिकेतील अनेक घटक राज्यांत आते-मामे भावंडांच्या लग्नाला कायद्याने बंदी आहे. म्हणजे जे लग्न परंड्यात मानाने लागते, त्यालाच तेथील कारकून परवाना नाकारील. परदेशी लग्नाची तयारी करताना दोन्ही कायदे एकाच वेळी पाहावे लागतात, ते यासाठी.

भारतीय कायद्याच्या तीन वाटा

परदेशात लग्न करू इच्छिणाऱ्या भारतीयांपुढे साधारणतः तीन वाटा आहेत. पहिली वाट विदेशी विवाह अधिनियम, १९६९ ची. विधी आयोगाने १९६२ साली आपल्या तेविसाव्या अहवालात या विषयाचा ऊहापोह केला होता; त्यानंतर सात वर्षांनी हा कायदा आला. दोघांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल तरी त्याचा आश्रय घेता येतो. वराचे वय एकवीस आणि वधूचे अठरा पूर्ण असावे, कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात नसावा, निषिद्ध नाते नसावे, या अटी परिचित आहेत. ज्या विवाह अधिकाऱ्याकडे, म्हणजे भारतीय दूतावासातील नियुक्त अधिकाऱ्याकडे, सूचना द्यावयाची, त्याच्या क्षेत्रात निदान एकाचे सलग तीस दिवस वास्तव्य झालेले असावे लागते. सूचना दूतावासाच्या फलकावर लागते, त्याचप्रमाणे भारतातही विहित रीतीने प्रसिद्ध होते. हरकतीसाठी तीस दिवसांची मुदत असते. त्यानंतर अधिकाऱ्याच्या शासकीय वास्तूत, दारे उघडी ठेवून, निदान तीन साक्षीदारांसमक्ष विवाह लागतो. 'दारे उघडी ठेवून' ही अट कायद्यात मुद्दाम लिहिलेली आहे. गावच्या मांडवाला दारे नसतात. दूतावासाला ती उघडावी लागतात. मात्र स्थानिक कायद्याची मनाई असेल तेथे विवाह अधिकारी असे लग्न लावू शकत नाही, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

दुसरी वाट अशी की, त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तेथील कार्यालयात लग्न करावे आणि मग याच अधिनियमाच्या सतराव्या कलमान्वये भारतीय विवाह अधिकाऱ्याकडे त्याची नोंद करून घ्यावी. अशी नोंद झाली की तो विवाह या अधिनियमाखालीच झाला असे मानले जाते. नोंद न केल्यामुळे विवाह अवैध ठरतो असे नाही. परंतु पुढे भारतीय न्यायालयासमोर तो शाबीत करण्याचा भार वाढतो. बहुसंख्य जोडपी याच टप्प्यावर हयगय करतात. परक्या देशाचा दाखला हातात पडला की काम संपले, अशी त्यांची समजूत होते.

तिसरी वाट धार्मिक विधीची. भारतात अधिवास असलेल्या हिंदूंना हिंदू विवाह अधिनियम, १९५५ परदेशातही लागू आहे. त्यामुळे परदेशातील एखाद्या देवळात सप्तपदीसह लागलेले लग्न भारतीय कायद्याच्या दृष्टीने विवाह ठरू शकते. पण त्या देशाच्या दृष्टीने ते केवळ एक धार्मिक समारंभ असण्याचा संभव असतो; तेथील कुटुंबभत्ता, करसवलत, वारसा किंवा जोडीदाराचा व्हिसा यांसाठी त्याचा उपयोग होईलच असे नाही. एका देशात पती-पत्नी आणि दुसऱ्या देशात नुसते सहनिवासी, ही अवस्था तारुण्यात गमतीची वाटली तरी अपघात, आजारपण किंवा मृत्यू यांच्या प्रसंगी ती अत्यंत क्लेशदायक होते.

याच प्रश्नाची उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. भारतात येऊन लग्न करू पाहणाऱ्या परदेशी जोडप्याला विशेष विवाह अधिनियम, १९५४ उपलब्ध आहे. त्याच्या चौथ्या कलमात 'कोणत्याही दोन व्यक्ती' असा शब्दप्रयोग आहे. त्यांपैकी एक भारतीय नागरिक असलीच पाहिजे असे नाही, असा निर्वाळा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. परंतु तीस दिवसांचे वास्तव्य आणि सूचनेनंतर तीस दिवसांची हरकतीची मुदत येथेही चुकत नाही. परदेशात नोकरी करणारा तुळजापूरचा तरुण आणि त्याची जर्मन वाग्दत्त वधू यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नोंदणी विवाह करावयाचा झाल्यास, दोघेही बाहेरून येणारे असल्याने, दोन महिन्यांची तजवीज करावी लागेल. नोकरदाराला सलग रजा मिळते ती तीन-चार आठवड्यांची. याउलट दोघेही हिंदू असतील तर एका दिवसात लग्न लावून नोंदीचा अर्ज देता येतो. कायद्याने कोणालाही मनाई केलेली नाही. पण काळाच्या रूपाने घेतला जाणारा हा कर आंतरधर्मीय आणि आंतरराष्ट्रीय जोडप्यांवर अधिक बसतो, हे नाकारता येणार नाही.

नसलेल्या नोंदींचा दाखला

या सर्व वाटांवर एक नाका समान आहे. परदेशी कार्यालय विचारते : हे दोघे अविवाहित असल्याचे तुमच्या देशाचे प्रमाणपत्र कोठे आहे? भारतात विवाहांची सर्वंकष मध्यवर्ती नोंद नाही. त्यामुळे आपल्याकडील 'अविवाहित असल्याचा दाखला' बहुधा अर्जदाराच्याच शपथपत्रावर उभा असतो. 'मी अविवाहित आहे' असे अर्जदार शपथेवर सांगतो, त्यावर अधिकाऱ्याचा शिक्का बसतो आणि तो कागद देशाचे प्रमाणपत्र म्हणून पुढे जातो. येथे शासन खात्री देत नाही; अर्जदार जे म्हणाला ते त्यानेच म्हटले आहे, एवढीच ग्वाही देते. नोंदवही उघडून 'अशी नोंद आढळत नाही' असे लिहिणे आणि नोंदवहीच नसताना तसे लिहिणे यांत जो फरक आहे, तो परदेशी अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

कायदा नाही म्हणून हे घडते, असेही नाही. महाराष्ट्राने १९९८ सालीच विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी यांबाबतचा अधिनियम केला. सर्व धर्मीयांना तो लागू आहे. विवाहानंतर नव्वद दिवसांच्या आत तीन साक्षीदारांसह नोंदणीचा अर्ज द्यावयाचा आहे आणि खेड्यात हे काम ग्रामसेवकाकडे सोपविलेले आहे. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. त्याआधी, १९९३ मध्ये, स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करारनामा भारताने स्वीकारला तेव्हा, विवाह नोंदणीच्या सक्तीचे तत्त्व मान्य असले तरी एवढ्या विशाल देशात ते व्यवहार्य नाही, असे निवेदन आपण जोडले होते. अडचण खरी होती. पण त्या अडचणीचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाईल, याचा विचार तेव्हा झाला नाही. खेड्यात लग्नाची नोंद आजही बहुधा तेव्हाच होते, जेव्हा एखाद्या योजनेसाठी, कर्जासाठी किंवा व्हिसासाठी दाखला लागतो.

शेजारच्या गोव्याची रीत वेगळी आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेमुळे तेथे विवाह ही प्रथम नोंदवहीतील घटना असते. वधू-वर निबंधकासमोर आधी इरादा नोंदवितात, हरकतींसाठी ठरलेली मुदत जाते आणि मग दुसऱ्यांदा येऊन सह्या करतात. देवळातील किंवा चर्चमधील सोहळा आपापल्या जागी होतो. गोव्याची संहिता जशीच्या तशी उचलावी, असे येथे सुचवावयाचे नाही. पण मराठी-कोकणी समाजाला नोंदवहीचे वावडे आहे, हा समज तरी त्या उदाहरणाने खोटा ठरतो.

धाराशिव जिल्ह्यापुरती यात आणखी एक गुंतागुंत आहे. २०२३ साली उस्मानाबादचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. नामांतराच्या गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. परंतु ज्याच्या पारपत्रावर जन्मस्थान उस्मानाबाद आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे आणि विवाह प्रमाणपत्रावर मात्र धाराशिव आहे, त्याने ही दोन्ही नावे एकाच गावाची आहेत हे दूरच्या देशातील अधिकाऱ्याला कसे पटवून द्यावे? त्यात मराठी नावांची भर पडते. लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. बापाच्या नावाची इंग्रजी वर्तनी एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी असते. गावाला यात काही खटकत नाही. परक्या यंत्रणेला मात्र या दोन निरनिराळ्या स्त्रिया वाटतात.

कागद खरा आहे, हे सांगण्यासाठी 'अपोस्टिल' या शिक्क्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. १९६१ च्या हेग करारातून ती आली आणि भारताला ती जुलै २००५ पासून लागू झाली. राज्य शासनाच्या प्रमाणीकरणानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा हा शिक्का मिळतो. जे देश करारात नाहीत, त्यांच्या दूतावासाचे वेगळे प्रमाणीकरण घ्यावे लागते. पण भारत या करारात आला तेव्हा जर्मनीसह काही देशांनी त्यावर आक्षेप नोंदविला होता, ही गोष्ट बोलकी आहे. ज्या जर्मनीला आपण आपले तरुण पाठवू इच्छितो, त्याच देशाने आपल्या कागदांविषयी संशय व्यक्त केला. शिक्का सहीची सत्यता सांगतो. सहीखालील मजकुराची नव्हे. मजकुराची सत्यता गावातच निर्माण व्हावी लागते.

आधी कागद की आधी लग्न?

या कोंडीतून एक नवीनच प्रघात पडला आहे. व्हिसाला वेळ लागतो, म्हणून लग्नाचा मुहूर्त पुढचा असला तरी दाखला आधीच मिळवून ठेवावयाचा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मधील एका आदेशात या प्रघातावर नेमके बोट ठेवले. हिंदू विवाह अधिनियमाप्रमाणे आवश्यक विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने कोणी पती-पत्नी होत नाहीत, नोंदणी ही झालेल्या विवाहाचा पुरावा आहे, ती विवाह घडवीत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अशा घाईचे परिणाम गंभीर असतात. व्हिसाच्या भरवशावर मुलगी मानसिकदृष्ट्या सासरची झालेली असते. मध्येच संबंध बिनसले तर ती कायद्याने विवाहितही नाही आणि समाजाच्या लेखी कुमारिकाही नाही. ज्यांना कागद आधी हवा आहे त्यांच्यासाठी विशेष विवाह अधिनियमाचा मार्ग मोकळा आहे. तेथे नोंदवहीतील सही हाच विवाह असतो. हा भेद मुलीच्या बापाला समजावून सांगण्याची जबाबदारी मात्र आज कोणाचीच नाही.

किंमत कोण मोजते?

आतापर्यंतच्या विवेचनात वर आणि वधू यांना एका पारड्यात धरले. प्रत्यक्षात पारडी समान नसतात. बहुतेक वेळा नोकरी, व्हिसा आणि राहण्याचा परवाना वराच्या नावे असतो व वधू त्याच्या आश्रयाने जाते. लग्नाचा दाखला परक्या भाषेत आणि पतीच्या कपाटात असतो. अशा संसारात तेढ आली, पती एकाएकी निघून गेला किंवा परदेशी न्यायालयातून त्याने घटस्फोट मिळविला, तर आपण विवाहित होतो हे सिद्ध करण्यापासून तिची लढाई सुरू होते. परदेशी न्यायालयाचा घटस्फोट भारतात केव्हा मानावा, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालच्या एका महत्त्वाच्या निर्णयात घालून दिले आहेत. ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्याला मान्य असलेले कारण असावे, हा त्यांतील एक प्रमुख निकष आहे. म्हणजे लग्न कोठे आणि कोणत्या कायद्याखाली नोंदले गेले, हे केवळ लग्नाच्या दिवशीचे औपचारिक काम नसून पुढच्या साऱ्या हक्कांचा तो पाया आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर विवाहाची नोंद ही स्त्रीची मत्ता आहे, आणि बहुतेक स्त्रियांच्या हाती तीच नसते.

केंद्र शासनाला हे उमगले नव्हते असे नाही. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची तीस दिवसांत नोंदणी सक्तीची करणारे आणि ती न करणाऱ्याचे पारपत्र जप्त करण्याची तरतूद असलेले विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडण्यात आले आणि संसदीय समितीकडे गेले. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सादर केलेल्या २८७ व्या अहवालात या विषयावर सर्वंकष कायदा करावा, नोंदणी सक्तीची करावी आणि पारपत्रावर वैवाहिक स्थितीची नोंद असावी, अशा शिफारशी केल्या. शिफारशी योग्य आहेत. पण दंड आणि जप्ती यांनी नोंदी तयार होत नाहीत. फार तर नोंद न केल्याची शिक्षा होते.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. नोंदणी कडक केली की तिचा उपयोग पाळत ठेवण्यासाठी होईल, विशेषतः आंतरधर्मीय आणि आंतरजातीय जोडप्यांना ती जाचक ठरेल, अशी भीती व्यक्त होते. ती निराधार नाही. विशेष विवाह अधिनियमातील जाहीर सूचनेचा फलक अनेक जोडप्यांच्या छळाला निमित्त झाला आहे, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अशी प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोपविली, ती त्याच जाणिवेतून. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये. लग्नापूर्वी जगाला वर्दी देणे वेगळे आणि लग्न झाल्यावर ते चोख लिहून ठेवणे वेगळे. किंबहुना नोंदवही विश्वासार्ह असेल तर फलकाची गरजच कमी होते. कोणी आधीच विवाहित आहे काय, हे शोधण्यासाठी चारचौघांना विचारावे लागत नाही, वही पाहिली की भागते.

तेव्हा करावयाचे ते फार खर्चाचे नाही. ग्रामपंचायतींच्या विवाह नोंदवह्या संगणकावर आणून जिल्हा पातळीवर जोडाव्यात आणि वैवाहिक स्थितीचा दाखला शपथपत्राऐवजी त्या नोंदींच्या शोधावरून द्यावा. विवाह प्रमाणपत्र मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत एकाच कागदावर असावे व त्यावर वधूचे लग्नापूर्वीचे आणि नंतरचे अशी दोन्ही नावे असावीत. या जिल्ह्याच्या प्रत्येक दाखल्यावर काही वर्षे तरी 'धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद)' असे छापावे. प्रमाणपत्राची एकेक प्रत वर व वधू दोघांच्या हाती स्वतंत्रपणे द्यावी. आणि परदेशी नोकरीचे करार करणाऱ्या शासनाने, भाषेच्या वर्गाइतकेच महत्त्वाचे मानून, विवाह आणि कौटुंबिक कायद्याची माहिती देणारा एक कक्ष जिल्हाधिकारी कार्यालयात उघडावा. आज ही माहिती दलाल विकतात, आणि ज्याला गरज अधिक त्याला ती महाग मिळते.

लग्न लावणारा ग्रेटना ग्रीनचा लोहार असो, दूतावासातील अधिकारी असो की तुळजापूरचा भटजी असो, त्याच्यासमोरील दोघे कोण आहेत आणि मोकळे आहेत काय, हा प्रश्न बदलत नाही. उत्तर कोणी द्यावयाचे, एवढेच बदलते. पूर्वी ते गाव देत असे. गाव आता जगभर पांगले आहे. तेव्हा ते उत्तर गावाच्या नोंदवहीने द्यावयास हवे. दहा हजार तरुणांना परदेशी पाठविण्याची उमेद बाळगणाऱ्या राज्याला नव्वद दिवसांत एक नोंद पुरी करून घेणे जड जाऊ नये. ते जमले नाही, तर परक्या खिडकीपाशी ताटकळणाऱ्या मुलामुलींना बोल लावण्याचा अधिकार कोणालाच उरणार नाही.